कागद आधी, सही नंतर

(नाटे, ता. राजापूर, जि. रत्नागिरी इथे किनाऱ्यावरच्या आणि सड्यावरच्या गावांची बैठक झाली. तिथे आपल्या संघटनेच्या वतीने जे बोललो त्याचा हा मजकूर. टेपवरून उतरवला आहे, म्हणून बोलण्यातले शब्द तसेच ठेवले आहेत. खाण आपल्याकडे येते, रिफायनरी त्यांच्याकडे येते. कागद दडवायची रीत मात्र दोन्हीकडे एकच आहे. गावच्या बैठकीत एकाने मोठ्याने वाचावा, बाकीच्यांनी ऐकावा, आणि मग बोलावं.)

नाटे, साखरी नाटे, जैतापूर, माडबन आणि बारसू-सोलगावच्या सड्यावरून आलेल्या सर्व भावांना, आया-बहिणींना जंगलातल्या गावांचा जोहार.

आम्ही लांबून आलो. आमच्याकडे समुद्र नाही, होडी नाही, हापूसची कलमं नाहीत. आमच्याकडे मोह आहे, तेंदू आहे, बांबू आहे, आणि डोंगराच्या पोटात लोखंड आहे. तुम्ही म्हणाल, मग यांचं इथं काय काम? काम आहे. तुमच्या सड्यावर बोअर मारायला माणसं आली आणि आमच्या डोंगरावर खुणेचे दगड रोवायला माणसं आली, तेव्हा त्यांच्या हातात नकाशा होता. आपल्या हातात नव्हता. दोन्हीकडची गोष्ट तिथूनच सुरू होते.

या गावात उभं राहून आधी एक आठवण काढली पाहिजे. १८ एप्रिल २०११ ला अणुवीज प्रकल्पाविरुद्धच्या आंदोलनात इथं नाटे गावात पोलिसांचा गोळीबार झाला. तुमचा एक मच्छीमार भाऊ त्यात गेला. त्याला आम्हा सगळ्यांचा जोहार.

आज आम्ही प्रकल्प चांगला की वाईट यावर भाषण करणार नाही. ते तुमचं तुम्ही ठरवाल. या मांडवातसुद्धा सगळ्यांचं मत एक नाही, हे आम्हाला दिसतंय. कुणाला नोकरीची आशा आहे, कुणाला मासळीची काळजी आहे, कुणाच्या घरात दोन भावांची दोन मतं आहेत. आमच्याकडेही तसंच आहे. पण बाजूचा असो की विरोधातला, एक गोष्ट दोघांनाही मागता येते आणि दोघांनीही मागितली पाहिजे. ती म्हणजे कागद. तो पूर्ण पाहिजे, आपल्या भाषेत पाहिजे आणि निर्णयाच्या आधी पाहिजे.

पारदर्शकता म्हणजे काय

'पारदर्शकता' हा सरकारी शब्द आहे. आमच्या गावात तो समजावताना आम्ही तेंदूच्या फळीचं उदाहरण देतो. ७० पानांचा एक पुडा, हजार पुड्यांची एक गोणी. बाई दिवसभर उन्हात पानं तोडते, पुडे बांधते आणि संध्याकाळी फळीवर आणते. फळीमुन्शी मोजतो आणि वहीत लिहितो. वही त्याची, पेन त्याचं. कुठला पुडा खराब म्हणून बाजूला टाकायचा तेही तोच ठरवणार. वर्षानुवर्षं असं चाललं. मग ज्या गावांना सामूहिक वनहक्क मिळाले आणि ज्यांनी तेंदूचा कारभार आपल्या हातात घेतला, तिथल्या ग्रामसभांनी आपली दुसरी वही सुरू केली. मुन्शीची एक वही, गावाची एक वही. रोज संध्याकाळी दोन्ही शेजारी ठेवायच्या. आकडा जुळला तर सही, नाहीतर पुन्हा मोजणी.

तुमच्या बंदरावर मासळीचा लिलाव होतो तेव्हा तुम्हीही हेच करता. काट्याकडे बघितल्याशिवाय कुणी पाटी सोडत नाही.

तेल, वायू आणि खाणी यांच्या बाबतीत जगात हाच विचार २००२-०३ पासून सुरू झाला. त्याला ईआयटीआय म्हणतात. कंपनीने सरकारला किती पैसे भरले ते कंपनीने सांगायचं. सरकारला किती मिळाले ते सरकारने सांगायचं. दोन्ही आकडे तिसऱ्याने ताडून बघायचे आणि लोकांसमोर ठेवायचे. पन्नासहून जास्त देश त्यात आहेत. त्यात तेलवाला नॉर्वे आहे, तेलवाला नायजेरिया आहे. भारत त्यात नाही.

पण आपल्याकडे कायदेच नाहीत असं समजू नका. माहितीचा अधिकार आहे. जनसुनावणीचा नियम आहे. वनहक्क कायदा आहे, पेसा आहे. खाणीच्या पैशासाठी जिल्हा खनिज प्रतिष्ठान आहे. यातला एकेक कायदा लोकांनी लढून मिळवला. माहितीचा अधिकारसुद्धा दिल्लीच्या कचेरीत जन्माला आला नाही. राजस्थानातल्या मजुरांनी १९९४ पासून गावोगाव जनसुनवाई घेतली, हजेरीपट भर सभेत वाचायला लावला, आणि कामावर न आलेल्यांची नावं त्यात निघाली. आपल्या महाराष्ट्राने २००२ साली कायदा केला आणि २००५ ला तो देशभर झाला. कायदा आहे, तो पाळायला लावायचं काम उरलं आहे, आणि ते काम गावाचं आहे.

इथं कुठल्या क्रमाने घडलं

तुमची गोष्ट तुम्हाला आम्ही काय सांगणार? पण बाहेरून बघणाऱ्याला क्रम दिसतो, म्हणून सांगतो.

जैतापूर प्रकल्पासाठी सुमारे ९३८ हेक्टर जमीन घ्यायची कारवाई आधी झाली. पर्यावरणाच्या अहवालावरची जनसुनावणी त्यानंतर, १६ मे २०१० ला माडबनला झाली. अहवालाची मराठी प्रत वेळेत मिळाली नाही, ही तक्रार गावांनी त्याच वेळी केली होती. मग २८ नोव्हेंबर २०१० ला ३५ अटी घालून पर्यावरण मंजुरी दिली गेली. आम्ही विचारतो, त्या ३५ अटी आज या मांडवातल्या किती जणांच्या घरी मराठीत आहेत? अट ज्याच्यासाठी घातली त्यालाच ती माहीत नसेल, तर ती मोडली की पाळली हे कोण सांगणार?

नाणारचं बघा. रिफायनरीसाठी जमीन घ्यायची अधिसूचना एमआयडीसीने मे २०१७ मध्ये काढली. वर्षाला ६ कोटी टन तेल शुद्ध करायचा प्रकल्प. तो उभारणारी कंपनी, म्हणजे इंडियन ऑइल, भारत पेट्रोलियम आणि हिंदुस्थान पेट्रोलियम यांची भागीदारी, स्थापन झाली सप्टेंबर २०१७ मध्ये. जमिनीची अधिसूचना आधी, कंपनी नंतर. लोकांनी विरोध केला आणि मार्च २०१९ मध्ये ती अधिसूचना रद्द झाली. जानेवारी २०२२ मध्ये राज्याच्या मुख्यमंत्र्यांनी पंतप्रधानांना पत्र लिहून बारसूची जागा सुचवली, आणि तेलाच्या टर्मिनलसाठी याच नाटे गावची. ज्यांच्या गावाचं नाव त्या पत्रात होतं, त्यांना ते नंतर वर्तमानपत्रातून कळलं. मग एप्रिल २०२३ मध्ये माती तपासणीसाठी बोअर मारायला बंदोबस्तात माणसं आली. बाया भर उन्हात सड्यावर आडव्या झाल्या. २८ एप्रिलला लाठ्या चालल्या, अश्रुधूर सोडला गेला. परिसरातल्या अनेक ग्रामसभांनी विरोधाचे ठराव केलेले होते, तरी हे झालं.

त्या पत्रात जमीन बहुतेक ओसाड असल्याचं म्हटलं होतं. हा शब्द नीट ऐका, कारण आमच्याकडेही तोच वापरतात. सातबाऱ्यावर पोटखराब, नकाशावर पडीक. पण त्या सड्यावर गुरं चरतात, पावसात गवत होतं, वरकस जमिनीत नाचणी-वरी होते. कातळातून जिरलेलं पाणी खालच्या विहिरींना आणि बागांना मिळतं. त्याच कातळावर हजारो वर्षांपूर्वीच्या माणसांनी चित्रं कोरली आहेत. बारसूची कातळशिल्पं २०२२ साली युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. एकच जमीन एका सरकारी कागदावर जगाचा ठेवा आहे आणि दुसऱ्या सरकारी कागदावर ओसाड आहे. दोन्ही कागद शेजारी ठेवले की प्रश्न आपोआप उभा राहतो. शेजारी ठेवायला आधी ते हातात पाहिजेत.

आणखी एक कागद आहे, तो तलाठ्याकडे असतो. त्याचं नाव फेरफार. प्रकल्प जाहीर व्हायच्या आधीच बाहेरच्यांनी इथं जमिनी घेतल्या, असं तुमच्याकडचे लोक सांगत आले आहेत. खरं-खोटं फेरफाराच्या नोंदवहीत आहे. घोषणेच्या आधीच्या पाच वर्षांत गावात किती खरेदीखतं झाली, घेणारे कुठले, भाव काय, याची यादी गावाने करावी. प्रकल्पाची माहिती कुणाला आधी कळली, ते ती यादी सांगेल. शेतकऱ्याला माहीत नसताना जमिनीचा भाव ज्याला माहीत होता, त्याच्याशी झालेल्या व्यवहाराला राजीखुशीचा सौदा कसं म्हणायचं?

आमच्याकडे कुठल्या क्रमाने घडलं

आता आमचं ऐका. गडचिरोली जिल्ह्यात एटापल्ली तालुक्यात सूरजागड आहे. तिथं लोहखनिजाच्या खाणीसाठी ३४८ हेक्टरचा पट्टा २००७ साली दिला गेला. पुढे खाण वर्षाला ३० लाख टनांवरून १ कोटी टनांवर न्यायचं ठरलं, आणि त्यासाठी ऑक्टोबर २०२२ मध्ये जनसुनावणी घेतली गेली. कुठे? शंभर किलोमीटरहून लांब, गडचिरोलीला, जिल्हाधिकारी कार्यालयात. नियम म्हणतो, सुनावणी प्रकल्पाच्या जागी किंवा अगदी जवळ व्हावी. डोंगराच्या पायथ्याच्या म्हातारीने एक मजुरी बुडवून, गाडीभाडं खर्चून, पोलिसांची नाकी ओलांडून तिथं जायचं आणि दोन मिनिटं बोलायचं. तुम्ही माडबनला निदान आपल्या मातीत बसून बोलला होतात.

आमच्या भागातल्या एका गावाला एकदा कळलं, की त्यांच्या ग्रामसभेने 'ना हरकत' दिली आहे. गावाला तर सभा झाल्याचंच माहीत नव्हतं. अर्ज करून ठरावाची नक्कल काढली आणि चौकात वाचली. अंगठ्यांच्या यादीत तेव्हा हयात नसलेल्या माणसांची नावं निघाली. त्या दिवसापासून त्या गावाचा ठराव वही भरल्यावर तिथंच मोठ्याने वाचतात, आणि वहीची एक नक्कल गावातच राहते.

आता कायद्यातला फरक सांगतो, कारण तो तुम्हाला कुणी नीट सांगत नाही. आमची बरीच गावं पाचव्या अनुसूचीत आहेत, म्हणून पेसा लागू आहे. जंगल-जमिनीवर वनहक्क कायदा २००६ लागू आहे. त्याच्या ग्रामसभेला निम्म्या माणसांची हजेरी लागते, आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश बाया लागतात. ओडिशात नियमगिरीच्या डोंगरावर बॉक्साइटची खाण यायची होती. सुप्रीम कोर्टाने १८ एप्रिल २०१३ ला सांगितलं, ग्रामसभांना विचारा. तारीख बघा. तुमच्या गावात गोळी चालली त्याला त्या दिवशी बरोबर दोन वर्षं झाली होती. मग न्यायाधीशांच्या देखरेखीखाली १२ गावांच्या सभा झाल्या आणि बाराही गावांनी नाही म्हटलं. ती खाण झाली नाही.

रत्नागिरी जिल्हा पाचव्या अनुसूचीत नाही. तुमच्या ग्रामसभेचा ठराव आहे, पण त्याला तो जोर कायद्याने दिलेला नाही. २०१३ च्या भूसंपादन कायद्यात सामाजिक परिणामांचा अभ्यास आहे, खासगी कंपनीसाठी ८० टक्के संमतीची अट आहे. जमीन एमआयडीसीच्या १९६१ च्या कायद्याने घेतली की त्यातलं काही लागत नाही. म्हणून कुठल्या कायद्याच्या कुठल्या कलमाखाली नोटीस आली आहे, ते आधी वाचा. भाव नंतर विचारा.

आमच्याकडे हक्क आहेत म्हणून आम्ही निवांत आहोत असंही नाही. २०२२ च्या वनसंवर्धन नियमांनी एक गोष्ट बदलली. आधी केंद्राच्या मंजुरीपूर्वी ग्रामसभेच्या संमतीचे कागद लागत. आता केंद्र मंजुरी देऊन मोकळं होतं आणि वनहक्कांचं काम राज्याने मागाहून बघायचं. कलम काढून टाकलं नाही, फक्त क्रम उलटा केला. आणि तेल-वायूच्या शोधासाठी खोदायचं काम जानेवारी २०२० पासून अशा गटात टाकलं आहे की त्याला जनसुनावणीच लागत नाही, मग ते जमिनीवर असो की समुद्रात. मच्छीमार भावांनी हे ध्यानात ठेवावं. हक्क हातातून काढायचा असला की बऱ्याचदा तो नंतरच्या रांगेत उभा करतात.

कागद कुठे असतो, कसा मागायचा

आता कामाचं बोलू.

पहिली गोष्ट, जनसुनावणी. नियम २००६ चा आहे. सुनावणीची नोटीस किमान ३० दिवस आधी वर्तमानपत्रात आली पाहिजे, एक पेपर स्थानिक भाषेतला. अहवालाचा मसुदा जिल्हाधिकारी, जिल्हा परिषद आणि जिल्हा उद्योग केंद्र अशा कार्यालयांत बघायला ठेवला पाहिजे. पण एक मेख आहे. स्थानिक भाषेत द्यायचा तो सारांश. हजार पानांचा अहवाल इंग्रजीत आणि वीस-तीस पानं मराठीत, असं होऊ शकतं. म्हणून नोटीस आली त्याच दिवशी ग्रामपंचायतीने पूर्ण अहवाल मराठीत मागणारं पत्र द्यायचं आणि पोच घ्यायची. सुनावणीला किती माणसं हवीत याची अट नियमात नाही. बहिष्कार टाकला तरी सुनावणी झाली असं धरलं जातं. म्हणून बहिष्कार टाकायचा असेल तरी लेखी म्हणणं आत गेलंच पाहिजे. आणि शेवटचं, फार महत्त्वाचं. लोकांनी काय मांडलं याचं टिपण सभा संपताना तिथंच, स्थानिक भाषेत, वाचून दाखवायचं असतं आणि त्यावर त्याच दिवशी सही व्हायची असते. ते वाचल्याशिवाय मांडवातून उठू नका.

दुसरी गोष्ट, माहितीचा अर्ज. दहा रुपये लागतात. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला तेही लागत नाहीत. अर्ज मराठीत चालतो. तेल कंपन्या दिल्ली-मुंबईच्या असल्या तरी सरकारी आहेत. त्यांनाही हा कायदा लागू आहे आणि त्यांनाही मराठीत लिहिता येतं. राज्याच्या कार्यालयाला अर्ज करताना एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांच्या आत, असा महाराष्ट्राचा नियम आहे. म्हणून 'प्रकल्पाची सर्व माहिती द्या' असं लिहू नका. तो अर्ज परत येतो. असं लिहा:

'विषय : बारसू सड्यावरील माती तपासणी, एप्रिल २०२३ पासून. हवी असलेली माहिती : (१) बोअर किती ठिकाणी घेतले, गट क्रमांक व खोली. (२) तपासणी कोणत्या संस्थेने केली, तिला दिलेल्या कार्यादेशाची प्रत. (३) जमिनीत प्रवेश करण्यासाठी दिलेल्या आदेशाची प्रत. (४) तपासणी अहवालाची प्रत. (५) मूळ कागदपत्रे प्रत्यक्ष पाहण्यासाठी दिवस व वेळ.'

पाचवा मुद्दा विसरू नका. कायद्याने नक्कल मिळते तशी फाईल डोळ्यांनी बघायलाही मिळते. जिल्हा पातळीवरच्या कार्यालयांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ फाईल दाखवावी, असा २०१८ चा शासन निर्णय आहे. चौघांनी जायचं, त्यात एक शिकलेली मुलगी असावी. टिपणी पानावर खालपासून वरपर्यंत कुणी काय शेरा मारला ते उतरवून घ्यायचं. निर्णय का झाला ते त्या शेऱ्यांत असतं. याच कायद्यात सरकारी कामातल्या साहित्याचा प्रमाणित नमुना मागायचाही हक्क आहे. रस्त्याच्या खडीचा घेतात, तसा.

तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर तो नकार समजायचा. पुढच्या तीस दिवसांत त्याच कार्यालयातल्या वरच्या अधिकाऱ्याकडे पहिलं अपील. तिथंही नाही झालं तर नव्वद दिवसांत माहिती आयोगाकडे दुसरं. उशीर झाला तर माहिती फुकट द्यावी लागते. आयोगाकडे तारीख लागायला फार वेळ जातो, हे खरं आहे. म्हणून एकाच माणसाने एकच अर्ज करून वाट बघत बसू नये. दहा गावांनी दहा विषयांवर दहा अर्ज करावेत.

'व्यापारी गुपित आहे, देता येत नाही' असं उत्तर हमखास येतं. तेव्हा लिहा, की लोकहित गुपितापेक्षा मोठं असेल तर माहिती द्यावी असं कायदाच म्हणतो. आणि गुपित दोन ओळींत असेल तर त्या दोन ओळी झाकून बाकीचा कागद द्यावा, असंही म्हणतो. शिवाय कलम चार आहे. लोकांवर परिणाम करणारा निर्णय जाहीर करताना त्यामागची सगळी तथ्यं सरकारने स्वतःहून, न मागता, लोकांच्या भाषेत सांगायची आहेत. आपण अर्ज करतो म्हणजे सरकारने जे आधीच करायला हवं होतं ते मागतो. याचना नाही ती.

पैशाचा कागद

आता पैशाचं. २०१५ साली खाणीच्या कायद्यात दुरुस्ती झाली. खाणवाल्याने रॉयल्टीच्या वर आणखी हिस्सा भरायचा, जुन्या पट्ट्यांना रॉयल्टीच्या ३० टक्के आणि लिलावाने दिलेल्यांना १० टक्के. हा पैसा जिल्हा खनिज प्रतिष्ठानात जातो. तो खाणीने बाधित झालेल्या गावांच्या पाण्यावर, आरोग्यावर, शाळांवर आधी खर्चायचा असतो. किती आले, कुठे गेले, कुठली कामं झाली, बैठकीत काय ठरलं, हे सगळं जाहीर करायचं असतं. अनुसूचित भागात आराखड्याला ग्रामसभेची मान्यता लागते. वर्ष संपलं की गावात झालेल्या कामांचा अहवाल ग्रामसभेपुढे यायला हवा. आमच्या किती गावांत तो आला? हे आम्ही आमच्याच लोकांना विचारतो आहोत. ज्या गावाने मागितला नाही त्या गावाचा पैसा जिल्ह्याच्या ठिकाणच्या इमारतीत गेला तरी गावाला कळणार नाही.

तुमच्याकडे फरक आहे. हा कायदा खनिज तेलाला आणि वायूला लागत नाही. मुंबई हायला तेल लागलं ते १९७४ साली. त्या समुद्रातल्या तेलाची रॉयल्टी केंद्राकडे जाते. ज्या पाण्यात तुमच्या होड्या जायच्या तिथल्या तेलापायी किनाऱ्यावरच्या गावासाठी असं कुठलंच प्रतिष्ठान नाही. रिफायनरी तर खाणच नव्हे. मग राहतो तो कंपनीच्या सामाजिक जबाबदारीचा दोन टक्क्यांचा पैसा, आणि तो कुठे खर्चायचा ते कंपनी ठरवते. म्हणून कुणी 'गावाचा विकास होईल' म्हटलं तर विचारा, कुठल्या कायद्याने, कुणाच्या खात्यातून, दर साल किती, आणि त्याची वही कोण तपासणार? आश्वासन तोंडी असेल तर तिथंच सांगा, लिहून द्या.

वाचल्याशिवाय कागद उघडा होत नाही

कागद मिळाला म्हणजे काम झालं असं नाही. आमच्याकडे एका पुढाऱ्याच्या पेटीत तीन किलो नकला पडून होत्या. गावाला काही माहीत नव्हतं. सरकारच्या कपाटातून निघून गावातल्या एका माणसाच्या पेटीत गेलेला कागद गावासाठी बंदच असतो.

गडचिरोलीत धानोरा तालुक्यात मेंढा-लेखा नावाचं गाव आहे. २००९ साली देशात सगळ्यात आधी सामूहिक वनहक्क मिळालेल्या गावांपैकी ते एक. तिथं अभ्यासगट बसतात. एखादा विषय आला की आधी तो समजून घ्यायचा, बाहेरच्या जाणत्याला बोलावून विचारायचं, पण निर्णय त्याने द्यायचा नाही. मग ग्रामसभा, आणि निर्णय सगळ्यांच्या सहमतीने. बहुमताने नाही. वेळ लागतो. पण मग कंपनीचा माणूस येऊन पाच घरं फोडू शकत नाही, कारण त्या पाच घरांनाही सगळं माहीत असतं.

तुमच्या गावांत शिकलेली पोरं-पोरी आहेत. मुंबईला कामाला असलेले चाकरमानी आहेत, गणपती-शिमग्याला येतात. त्यांना सांगा, वर्गणीबरोबर चार पानांचं मराठी भाषांतरही द्या. पंचवीस जणांनी चार-चार पानं केली तर शंभर पानं होतात. मग ती देवळाच्या सभामंडपात वाचा, मशिदीच्या अंगणात वाचा, बंदरावर जाळी विणताना वाचा. ज्याला वाचता येत नाही त्यालाच सगळ्यात चांगले प्रश्न पडतात. आमच्या एका म्हातारीने अहवालातला आकडा ऐकून विचारलं होतं, 'एवढं पाणी घेणार म्हणता, ते कुठल्या महिन्यात?' अहवालात ते नव्हतंच.

सांभाळूनही राहायचं. या रिफायनरीवर लिहिणारे पत्रकार शशिकांत वारिसे यांचा फेब्रुवारी २०२३ मध्ये राजापुरात गाडीखाली चिरडून जीव गेला. प्रकरण कोर्टात आहे. आम्ही एवढंच म्हणतो, की माहिती एका माणसाकडे असली की तो माणूस एकटा पडतो. अर्ज एकट्याच्या नावाने करू नका, पाच जणांनी पाच अर्ज करा. उत्तर आलं की त्याच आठवड्यात सगळ्यांसमोर वाचा. शंभर जणांना माहीत झालेली गोष्ट दडवायला कुणाला तरी गप्प करून भागत नाही.

माहिती मिळाली म्हणून प्रकल्प थांबतो, असं आम्ही सांगत नाही. नियमगिरी थांबली कारण माहितीबरोबर 'नाही' म्हणायचा हक्कही गावाच्या हातात होता. तो हक्क तुम्हालाही मिळावा, ही मागणी आपण दोघांनी मिळून केली पाहिजे. डोंगरातल्या ग्रामसभेला जे मिळालं ते समुद्रकाठच्या ग्रामसभेला का नको? आणि आम्हाला मिळालेलं मागच्या दाराने काढून घेत असतील, तेव्हा तुम्ही आमच्या बाजूने उभं राहिलं पाहिजे. एवढंच मागायला आम्ही एवढ्या लांबून आलो.

पुढच्या ग्रामसभेच्या आधी प्रत्येक गावाने चार कामं करावीत. आमच्या गावांनाही आम्ही हीच सांगणार आहोत.

एक. गावाच्या नावावर कुठली अधिसूचना, पट्टा, सर्वेक्षण किंवा मंजुरी आहे याची यादी करा. कुठल्या कायद्याखाली, कुठली तारीख, ते लिहा.

दोन. मागच्या पाच वर्षांचे फेरफार काढा आणि चावडीवर लावा.

तीन. ग्रामसभेच्या ठरावाची वही त्याच सभेत मोठ्याने वाचून मगच सह्या-अंगठे घ्या. नक्कल गावात ठेवा.

चार. मंजुरीच्या अटी मराठीत करून घ्या आणि दर तीन महिन्यांनी त्यापुढे लिहा: पाळली, मोडली, की अजून काम सुरूच नाही.

हे चार कागद ज्या गावात आहेत, त्या गावात उद्या कुणी साहेब फाईल घेऊन आला तर लोक उठून उभे राहणार नाहीत. बसून म्हणतील, साहेब, आधी वाचून दाखवा. मग बघू.

कागद आधी, सही नंतर. जोहार. जिंदाबाद.